चौथी चकती आणि मामांची गोळी

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा नमस्कार. दिवसभर गाळात उभं राहून कंबर धरली आहे, तेव्हा वाकलो असं समजून घ्या. मामीचे गुडघे कसे आहेत? धाकटीची पोटदुखी थांबली का? ताट पुढे आलं की तोंड फिरवते आणि शाळेत पेंगते, असं तुम्ही लिहिलं होतं. तुमच्या खोकल्याचं विचारत नाही, तो असणारच.

मी मजेत. ही सातवी नोकरी, पण टिकलोय. माझ्या पायाला भिंगरी आहे असं तुम्ही म्हणता, तर इथे नोकरीच होडीत आहे, बसल्या जागी हलता येतं. आमच्या बाई तळ्यांच्या डॉक्टर (माणसांच्या नव्हेत, माझं बोट कापलं तेव्हा मलाच पट्टी शोधावी लागली). शहराच्या मधोमध एक तळं आहे. त्याच्या तळात आम्ही प्लॅस्टिकची लांब नळी खुपसतो आणि गाळ थरांसकट वर काढून त्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या पाडतो. खालची चकती आजोबांच्या काळातली, वरची परवाची. गाड्यांचा धूर, कारखान्यांचं पाणी, सगळ्यांतलं शिसं, जस्त, तांबं वाहत येतं आणि त्या गाळात ठाण मांडून बसतं. शाळेत इतिहास माझ्या डोक्यात शिरला नाही, इथे तो नखात शिरतो. माझ्या जन्मवर्षाची चकती मी मुद्दाम विचारून घेतली. शिशानं ठासून भरलेली निघाली. (तुम्ही मला जड डोक्याचा म्हणायचा, ते अगदीच वाऱ्यावर नव्हतं.) पुढे पेट्रोलमधलं शिसं बंद झालं, तशा वरच्या चकत्या सुधारत गेल्या. माझं तसं काही झालं नाही.

आता माझा पराक्रम. गेल्या आठवड्यात वरून चौथ्या चकतीत एकदम ढीगभर शिसं सापडलं. वरखाली सगळं ठीक, मध्येच हा डोंगर. बाईंची झोप उडाली. त्या वर्षी कुठला कारखाना निघाला, कुणी चोरून काय ओतलं, याचा शोध सुरू झाला. तळ्याच्या म्हाताऱ्या राखणदाराला त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बाई, त्या वर्षी माझी म्हैस गेली, एवढंच आठवतं." मीही हिरिरीनं दोन कारखान्यांवर संशय घेतला.

चौथ्या दिवशी खिशात हात घातला आणि हाताला काय लागावं! मामा, मी निघताना तुम्ही गळाला बांधायला म्हणून दिलेली ती शिशाची गोळी. आमच्याकडे चकतीला धातू लागू द्यायचा नाही असा सक्त नियम, सुरीसुद्धा प्लॅस्टिकची. पण त्या दिवशी वारा सुटलेला, चौथ्या चकतीची पिशवी उडायला लागली, म्हणून मी ती गोळी वजन म्हणून आत टाकली होती. नंतर आठवणीनं काढून घेतली, हा माझा प्रामाणिकपणा.

बाईंना सांगितलं. वाटलं, आठवी नोकरी शोधायची वेळ आली. त्या ओरडल्या नाहीत. गोळी हातमोज्यानं उचलून म्हणाल्या, "ही कुठली?" मी अभिमानानं सांगितलं, मामा जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवतात आणि परसात अशा गोळ्या ओततात, हात बसलेला आहे त्यांचा. बॅटरीतलं पाणी कुठे टाकतात? मागच्या तळ्यात. त्यातले मासे? आम्हीच खातो, चवदार असतात. मग विचारलं, घरात लहान कोण. मी धाकटीचं सांगितलं, पोटदुखीसकट. बाईंनी हातमोजा काढला आणि पोटदुखी कधीपासून, तेवढंच विचारलं. मला ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मोठ्यांचा आशीर्वाद मागतो, धाकटीला पापा.

तुमचा,
जड डोक्याचा

ता. क. धाकटीला उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि रक्तातलं शिसं तपासायचंय असं स्पष्ट म्हणा. पोटदुखीचं औषध देऊन परत पाठवतील, तर उठू नका. बॅटऱ्या बंद. मासेही, तूर्तास.

आणखी एक. बाई आपल्या तळ्याचा गाळ फुकट तपासणार आहेत. लाकडी चमच्यानं काढून प्लॅस्टिकच्या डब्यात पाठवा. मात्र तुम्ही काढू नका, मामीला सांगा. तुमचा हात लागला, तर शिसं तळ्याचं की तुमचं, हे बाईंनाही ओळखता येणार नाही.