पाच इंचांचा उतार

मंद्रूप,
दि. ४ मार्च २०२४

ती. मायाक्का हिस,
जोतिरामचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. सूनबाई पूनमकडून सावकाश वाचून घे.

चादरींच्या कारखान्यातील तपासनिसाची नोकरी मुदतीआधी सोडून मला दोन महिने झाले. तेव्हापासून आपल्या शेतातल्या घरीच मुक्काम आहे. आबांच्या पश्चात नऊ वर्षे ते बंद होते. वाळवीने चौकटी खाल्ल्या होत्या. भिंती मात्र शाबूत आहेत. चौकटी बदलल्या, ओटा बांधला, न्हाणीघराला फरशी बसवली.

मातीच्या माळवदाची अवस्था पाहून मात्र मी चकित झालो. पाण्याच्या नळीने मापले, तर छताची पूर्वेची कड पश्चिमेपेक्षा तब्बल पाच इंच खाली. आबांच्या हे लक्षात कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते. मातीची भर घालून सारे छत एका पातळीत आणले. गवंडी मल्लप्पा दोनदा कुरकुरला. त्याला नळीतले पाणी दाखवले, तेव्हा गप्प बसला.

घाई अशासाठी की, तुझी भावजय विजयमाला मेअखेर शाळेतून निवृत्त होते. सोलापूरचे शुक्रवार पेठेतले भाड्याचे घर सोडायचे की नाही, हे तिने तोवर घरमालकांना कळवायचे आहे. मंद्रूप राहण्याजोगे झाले असे वाटले तरच येईन, एवढेच ती म्हणते. काय कमी आहे ते सांगत नाही. ती आली नाही, तर आम्ही दोघे दोन ठिकाणी म्हातारे होऊ. मी त्रुटींची चौदा कलमी यादी केली असून त्यांपैकी अकरा निकालात काढल्या आहेत.

भाचा बिरुदेव व सूनबाईस आशीर्वाद. प्रकृतीस जपावे आणि या धाकट्यावरची माया कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
जोतिराम

•

सांगोला,
दि. १५ मार्च २०२४

चि. जोतीस, मायाक्काचा लई लई आशीर्वाद.

(मामा, आत्याबाई बोलतील तसेच लिहिते आहे, रागावू नका. – पूनम)

तुजं पत्र पोचलं. मी पूनमला दोनदा वाचाय लावलं, कारण पयल्यांदा खरं वाटंना. आरं, ती पाच इंच आबांनी मुद्दाम ठेवल्याली की. पानी पूर्वेच्या पन्हळीकडं जायाला नको व्हय? ती माती मी आन् आबांनी मिळून थापल्याली हाय. मी चौदा वर्साची, पाट्या माज्या डोक्यावर, आन् तू खाली सावलीत बसून पाढे म्हणत हुतास. तुजी नळी खोटं बोलत न्हाय, पर तिला पाऊस ठावं न्हाय. मल्लप्पाला इचारायचं सोडून त्यालाच शिकवाय गेलास.

विजयमालाला काय पायजे, ते तुज्या यादीत घावायचं न्हाय. लग्नात अंतरपाट वाकडा धरलाय म्हणून तू भटजीला सरळ कराय लावला हुतास. तवाच मी तिच्या तोंडाकडं बघितलं हुतं.

हितं टँकर चार दिसांनी येतोय. डाळिंबं कशीबशी जगवतोय, मेंढरं बरी हायती. येळेवर जेवतोस का? भांडलास तरी चालंल, पर पत्र लिव्हायचं सोडू नगंस.

तुजी,
मायाक्का

•

मंद्रूप,
दि. २ एप्रिल २०२४

ती. मायाक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून मला राग आला, हे लपवत नाही. तुला खोटे ठरवावे म्हणूनच रविवारी माळवदावर विहिरीच्या दहा घागरी ओतल्या. टंचाईच्या दिवसांत हे शोभले नाही, हेही कबूल. पाणी पन्हळीकडे वीतभरही सरकले नाही. मधोमध तळे साचले आणि तासाभरात खाली ठिबकू लागले. मी पातेले लावून शेजारी बसलो. मल्लप्पा आला. त्याने वर पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि दुसरे पातेले आणून ठेवले.

अक्का, चूक माझी आहे. त्याने सांगितले होते, मी ऐकले नाही. त्याच्याजवळ तसे बोललोही. बोलताना ध्यानात आले की विजयमालाही मला असे पुष्कळ काही सांगत आली असेल. तिच्या पोळ्यांचा आकार, कपड्यांच्या घड्या, वह्यांवरची तिची सहीसुद्धा मी तीस वर्षे सरळ करत आलो. कारखान्यात सदोष चादर बाजूला काढण्याचा मला पगार मिळे. घरी ते काम मला कोणी दिले नव्हते. हे तिला लिहिण्याचे धैर्य होत नाही, म्हणून तुला लिहितो.

भर घातलेली माती उतरवतो आहे. पुढे काय करावे ते कळव. या खेपेस सांगशील तसेच करीन.

तुझ्या रागालोभाचा धनी,
जोतिराम

•

सांगोला,
दि. ११ एप्रिल २०२४

चि. जोतीस आशीर्वाद.

मातीत भुसकाट घाल आन् आठ दिस भिजू दे. मानसांनी तुडवून भागत न्हाय. बिरुदेव मेंढरं घिऊन निघालाय, मंद्रूपच्या रानात खतासाटी बसवायला. तुज्या चिखलातनं साठ मेंढरं चार येळा फिरव. लेंड्या पडत्याल, पडू देत, त्या बी लागत्यात. तू आपला नाकाला रुमाल लाव. मग माती थाप, आन् उतार मल्लप्पाच्या डोळ्यानं धर.

तुजं पत्र लई दिसांनी मानसानं लिव्हल्यावानी वाटलं. त्याचं काय करायचं ते मी करीन, इचारू नगंस.

जीव हाय तुज्यावर, म्हणून बोलते.
मायाक्का

•

मंद्रूप,
दि. १४ मे २०२४

ती. मायाक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

माळवद पुरे झाले. एकोणसाठ मेंढ्या चिखलातून शिस्तीत फिरल्या. साठावी नव्या न्हाणीघरात शिरली आणि बिरुदेवने तिला कानाला धरून बाहेर काढले. फरशीवरचे ठसे मी धुतले, पण रागावलो नाही. उतार मल्लप्पाने धरला. दोन घागरी ओतून पाहिल्या. पाणी न थांबता पन्हळीतून बाहेर पडले.

यादी फाडून टाकली. विजयमालेला पत्र लिहायला बसतो आणि चौथ्या ओळीवर थांबतो. फोनवर ती माझ्या जेवणाची चौकशी करते, येण्याचे नाव काढत नाही. मे महिन्याचे सतरा दिवस उरले आहेत. ती नाही म्हणाली, तर मी तिला दोष देणार नाही. पण ती पन्हळ मला एकट्याला पाहायची नाही.

तुझी माया अशीच पाठीशी असो.
जोतिराम

•

शुक्रवार पेठ, सोलापूर,
दि. २३ मे २०२४

ती. वन्संना,
विजयमालाचा सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेले यांचे २ एप्रिलचे पत्र मला गेल्या महिन्यातच मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण माझा विश्वास बसेना. वाटले, तुम्ही धाक दाखवून लिहवून घेतले असेल. म्हणून रविवारी कोणालाही न कळवता मंद्रूपला गेले.

हे आणि मल्लप्पा दारापुढे पायरी बसवत होते. मी बांधावरच थांबले. मल्लप्पा दगड सरकवत होते आणि हे विचारत होते, “असा चालेल का?” वन्सं, हा प्रश्न मी यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी तशीच बराच वेळ उन्हात उभी राहिले.

मला पाहून गडबडले. लगेच माळवद दाखवायला निघाले. मी म्हटले, ते नंतर. मला स्वयंपाकघराला पश्चिमेकडे खिडकी हवी आहे. यांनी तोंड उघडले, मिटले आणि केवढी हवी ते विचारले. मी हाताने दाखवली. मल्लप्पांनी भिंतीवर खडूने चौकट आखली, ती चांगलीच तिरकी आली. यांनी ती सरळ करायला लावली नाही. भिंतीकडे पाठ करून उभे राहिले, हेही सांगायला हवे. एवढ्यात सगळे सुधारेल अशी माझी अपेक्षा नाही.

पाऊस अजून यायचा आहे. छत गळेल की नाही, ते तेव्हा कळेल. मी त्यासाठी थांबत नाही. घरमालकांना आज सकाळी सांगून आले. एक जूनला सामान हलवते.

थोरल्या बहिणीसारखी कायम पाठीशी राहा, एवढेच मागणे.

तुमची,
विजयमाला