तीनशे सतराची चाकं

१२ फेब्रुवारी १९४४, सांगली

तीनशे सतरा नंबरचं विमान चाकांशिवाय पोटावर उतरलं! पंख्याची पाती मागं वाकली, खालचा पत्रा फाटला. वैमानिक लालासाहेब — म्हसवडचे, आमच्या वडूजपासून जवळचेच — त्यांचा ओठ फुटला, बाकी शाबूत. सकाळी उड्डाणाआधी चाकं तपासून सही मीच केली होती. आता तळावर सगळे माझ्याकडंच बघतायत.

१३ फेब्रुवारी

लालासाहेबांनी मोठ्या साहेबांना सांगितलं की डावं चाक निम्म्यावर अडकलं, विमान उलटेल म्हणून दोन्ही चाकं परत आत घेतली. मी आत चढून बघितलं. चाकांचा दांडा 'वर'. म्हणजे खाली ओढलाच नाही — विसरले! आणि खापर माझ्या सहीवर.

३ मार्च

तीन आठवड्यांनी नव्या पंख्याची पेटी आली. आत दुसऱ्याच जातीच्या विमानाचा पंखा. माझा जोडीदार हरी पेटीवरच बसून राहिला. माझी बढतीही चौकशी संपेपर्यंत अडकलीय. लय वैताग आलाय.

१९ मार्च

चौकशी झाली. विमान टेकूंवर चढवलं. सगळ्यांसमोर मी दांडा ओढला, दोन्ही चाकं बाहेर. बारा वेळा ओढला, बारा वेळा आली. मोठ्या साहेबांनी लिहिलं — वैमानिकाची चूक.

लालासाहेब जाताना माझ्यापाशी थांबले. आवाज चढवला नाही.

"कृष्णात, जमिनीवर चाकं येत्यात रं. वर वाऱ्यात आली न्हाईत."

अजून खोटंच बोलतायत, असं वाटलं.

२ एप्रिल

त्यांना वायुदलातून काढलं. म्हसवडला गेले. हरी म्हणत होता, डाव्या चाकाचा खटका एकदा उघडून बघू. मी त्याच्यावरच खेकसलो. निकाल लागलाय, आता कशाला?

११ एप्रिल

योग्य पंख्याचा अजून पत्ता नाही. तिसरं पत्र लिहिलं.

२१ एप्रिल

पंखा आला, बसवला. इंजिन पहिल्याच झटक्यात चालू! चाचणी झाली की विमान पूर्वेच्या आघाडीवर जाणार. आता तरी बढती द्यावी.

२८ एप्रिल

चाचणीला दुसरे वैमानिक, गोरे साहेब, वर गेले. उतरताना उजवं चाक आलं, डावं निम्म्यावर अडकलं. तीन घिरट्या घेतल्या. शेवटी दोन्ही आत घेऊन पोटावर उतरले. वाचले.

हरीनं आणि मी डाव्या चाकाचा खटका उघडला. आतली खीळ किंचित वाकलेली. वाऱ्याचा दाब आला की धरते, टेकूवर सुटते. मी ती मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं लिहून दिलं — सही माझी, चूकही माझी.

साहेबांनी विचारलं, लालासाहेबांना कोण कळवणार?

उद्या पहाटेच्या गाडीनं म्हसवडला निघतोय.