पश्चिमेकडे तोंड केलेल्या होड्या

दि. २ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने जोडता, म्हणून दर आठवड्याला डिझेल-भाजी घेऊन येणाऱ्या बोटीबरोबर पत्रच पाठवायचं ठरवलंय. मी खुशाल आहे. बोट लागणं दोन दिवसांत आटोपलं, तरी इथला स्वयंपाकी मला अजून लिंबू चोखायला लावतो.

माझं काम म्हणजे मागच्या डेकवरच्या पत्र्याच्या खोलीत बसायचं. समोर पाच पडदे, हातात एक दांडी. दांडी हलवली की दोन किलोमीटर खाली, केबलला बांधलेलं कॅमेऱ्याचं यंत्र हलतं. टिटवीला कपबशी धड उचलता येत नाही असं तुम्ही जन्मभर म्हणत आलात, आणि इथे हजारो वर्षांपूर्वीचे रांजण माझ्या भरवशावर आहेत.

रांजण सापडलेत, हीच बातमी. आमच्या मोहिमेच्या प्रमुख आहेत त्या बाई, बुडालेल्या जहाजांच्या अभ्यासात त्यांची हयात गेली. त्या म्हणतात, तेहतीसशे वर्षांपूर्वीचे असावेत. लाकूड किड्यांनी केव्हाच खाल्लंय, पण रांजण होडीत रचले होते तसेच, होडीच्याच आकारात, गळ्यापर्यंत गाळात उभे आहेत. एकही आडवा नाही. इथून किनारा साठ मैल लांब. त्या काळचे लोक किनारा नजरेआड होऊ देत नसत असं आजवर आम्हाला शिकवलं गेलं. बाई म्हणतात, ही होडी भरकटलेली नाही, ती मुद्दाम इकडून चालली होती, तीही होकायंत्र आणि नकाशा यांतलं काहीच नसताना.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मालाच्या रांजणांची तोंडं अजून मातीने लिंपलेली आहेत. पिण्याच्या पाण्याचे तेवढे उघडे, आणि ते सगळे एका टोकाला ओळीने मांडलेले. पडद्यावर ते आले तेव्हा बाईंनी उगाचच आवाज खाली आणला.

काका, बाबांची बोट गेली ती याच समुद्रात. मी चार वर्षांची होते. ही नोकरी मी का धरली ते तुम्हाला ठाऊक आहे. ती नक्की कुठे गेली एवढं कळलं तरी मला पुरे.

दुकान वेळेवर बंद करून घरी जात जा, आणि माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
टिटवी

दि. ८ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर बोट लागल्यासारखंच आहे, पण लागलं. माझं बरं चाललंय. या आठवड्यात तीन होकायंत्रं दुरुस्तीला आली. एका शहाण्याने होकायंत्राच्या शेजारी लोखंडी पान्यांची पेटी ठेवली होती आणि सुई वेडी झाली म्हणून माझ्याशी भांडायला आला. त्याला पेटी उचलायला सांगितली, सुई शहाणी झाली. तो मात्र अजून घुश्शात आहे.

तुझ्या बाबांबद्दल लिहिलंस म्हणून सांगतो. दादाचा शोध नऊ दिवस चालला होता, तो दक्षिणेकडच्या पाण्यात. तुम्ही आहात ते पाणी फार वर, उत्तरेला आहे. तिथे तुला काही मिळायचं नाही. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

आता दोन गोष्टी विचारतो, उत्तर पाठव. त्या होडीचं तोंड सरळ पश्चिमेला आहे का? आणि तिथे इंजिन बंद केलं तर तुमचं जहाज जागचं हलत नाही, असं होतं का? विचारायचं कारण एवढंच की तुझे आजोबा अशी एक वाट सांगायचे. पलीकडच्या बेटाला जायची सरळ वाट. रात्री आकाशातली न हलणारी जागा उजव्या खांद्यावर धरायची आणि दिवसा सूर्याच्या मागे जायचं. आम्ही म्हणायचो, ध्रुवतारा ना, तर ते चिडायचे. तारा बघू नका, जागा बघा, म्हणायचे. त्यांच्या वडलांनीही असंच चिडून सांगितलं होतं म्हणे. वाटेवर एका ठिकाणी पाणी उभं राहतं, तिथे थांबू नका, असंही सांगायचे. दादा ते सगळं मन लावून शिकला. मी होकायंत्राकडे वळलो.

जास्त खोल वाकून बघू नकोस. आमच्या आशीर्वादांवर तुझा हक्क आहेच.

तुझा,
काका

दि. १४ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग बाईंना वाचून दाखवलं. होडीच्या पुढच्या टोकाला नांगराचे दगड सापडलेत, त्यावरून तोंड कळलं. सरळ पश्चिमेला. तुम्हाला ते न बघता कसं कळलं, असं बाईंनी विचारलं.

आणखी दोन सापडल्या. एक पाच मैलांवर, एक तिच्याही पुढे. त्यांच्यातल्या भांड्यांच्या घडणीवरून एकीत आणि दुसरीत पाचशे-सहाशे वर्षांचं अंतर असावं. कप्तानाने नकाशावर पट्टी ठेवली तर तिन्ही एका रेघेवर, आणि रेघ मागे वाढवली तर ती आपल्या बंदरात येते. तिन्हींमध्ये माल शाबूत, पाण्याची भांडी उघडी. वादळात बुडालेल्या होडीत असं नसतं. बाई म्हणतात, इथे वारा पडला असेल आणि होड्या अडकून बसल्या असतील. माणसं आधी गेली, होड्या रिकाम्या होऊन मग केव्हातरी पाणी भरून खाली गेल्या. परवा कप्तानाने इंजिन बंद करून पाहिलं. चार तास जहाज जमिनीवर ठेवल्यासारखं उभं होतं. पण अशा पाण्यात सोडून दिलेल्या होडीचं तोंड वाटेल तिकडे फिरायला हवं, असं तो म्हणतो. तिन्हींचं तोंड पश्चिमेलाच का राहिलं ते त्याला समजत नाही, आणि त्या रात्रीपासून तो आमच्या खोलीत चहाला येत नाही.

आजोबांचं ते ‘तारा नको, जागा बघा’ ऐकल्यावर बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. त्या म्हणाल्या, तेहतीसशे वर्षांपूर्वी ध्रुवतारा त्या जागेवर नव्हताच. तिथे काळोख होता. सगळं आकाश ज्या रिकाम्या जागेभोवती फिरतं ती ओळखून लोक होड्या हाकत. तारा तिथे नंतर आला. तुमच्या घरात हे वाक्य तारा यायच्या आधीपासून आहे की काय, असं त्यांनी मला विचारलं.

वरूनच आवाजाने आणि चुंबकाने तळ चाचपणाऱ्या दुसऱ्या यंत्राला त्याच रेघेवर, सात मैल पुढे, चौथं काहीतरी दिसलंय. लहान आहे, आणि आत लोखंड आहे. लोखंडाचं इंजिन असावं एवढं. उतरायला पाच-सहा दिवस लागतील, केबलची दुरुस्ती चालू आहे. तुम्ही आत्ता माझ्याजवळ असायला हवे होतात.

तुमची,
टिटवी

दि. १९ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

ती दादाची बोट नाही. मला हे इतकं खात्रीने का माहीत आहे ते आता लिहितो. एकतीस वर्षं हे तोंडाबाहेर काढलं नाही, तुझ्या आईपाशीसुद्धा नाही.

इंजिनाचं लोखंड होकायंत्राची सुई आपल्याकडे ओढतं. ती ओढ मारायला पेटीत चुंबकाच्या कांड्या बसवाव्या लागतात. दादाच्या बोटीला नवं इंजिन बसवलं होतं, म्हणून त्याचं होकायंत्र मी खोलून तीन कांड्या मोजून काढल्या आणि बसवून दिलं. तो पहाटे पलीकडच्या बेटाला निघाला. दुपारी टेबल झाडताना पुसायच्या फडक्याखाली तिसरी कांडी सापडली. त्या कांडीशिवाय ती सुई पश्चिम दाखवत असताना बोट दक्षिणेला सरकत जाणार होती, तासागणिक जास्त. त्याच्याकडे वायरलेस नव्हता. मी धक्क्यावर पळत गेलो आणि समुद्राकडे बघत उभा राहिलो.

म्हणून म्हणतो, तो दक्षिणेला आहे आणि त्याला मी पाठवलंय. तुझी फी भरली, तुला सायकल शिकवली, तू मला बापासारखं मानलंस. दर वेळी मला ती कांडी आठवायची. आता तुला जे वाटेल ते वाटू दे. फक्त खाली जे दिसेल ते खरं लिही. होकायंत्राची पेटी दिसली तर तेही लिही.

आशीर्वाद द्यायचा हक्क मला राहिला असेल तर तो आहेच.

काका

दि. २६ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

काका, तुम्ही सुटलात. आधी हे वाचा आणि मग खुर्चीत बसून बाकीचं वाचा.

ती बाबांचीच बोट आहे. निळा रंग अजून आहे, पुढच्या बाजूला नोंदणीचा नंबर आहे, आईने जपून ठेवलेल्या कागदावरचाच. ती दक्षिणेला नाही, रेघेवर आहे, पट्टीने ओढावं इतकी नेमकी, आणि सरळ उभी आहे. होकायंत्राच्या मागे जाणारा माणूस इथे पोचलाच नसता. आणि होकायंत्रही दिसलं. पेटीवर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधलाय. सुई आणि आकाश जुळत नाही हे बाबांनी पहिल्याच रात्री ओळखलं असणार. त्यांनी सुई झाकली आणि आजोबांची वाट धरली. तुमच्या कांडीमुळे काहीही झालेलं नाही. बाईही तेच म्हणाल्या, त्यांना विचारूनच लिहितेय.

मी पडद्यासमोर रडले आणि दांडी तशीच हातात धरून ठेवली, यंत्र कुठे धडकू नये म्हणून. बोटीवर बाकी फारसं काही नाही. इंजिन उघडून ठेवलंय, ते बंद पडलं असावं. तेलाचे रिकामे डबे वरून कापून केबिनच्या कडेने ओळीत बांधलेत, उघडी तोंडं वर. केबिनच्या पत्र्यावर खिळ्याने रेघा ओढल्यात, सतरा मोजल्या, कशाच्या ते कळलं नाही. माणसाचं असं काही दिसलं नाही.

तुम्ही एकतीस वर्षं हे एकट्याने उरावर घेऊन फिरलात, आणि मला वाटायचं तुम्हाला झोप कमी आहे. आता झोपा.

तुमचीच,
टिटवी

दि. १ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून पहिल्यांदा मी मोकळा रडलो. शेजारचा घड्याळवाला धावत आला. त्याला सांगितलं, डोळ्यात तेल उडालं. मग चहा केला आणि पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा तू जे सहज लिहून गेलीस ते दिसलं.

शोधपथकाने मला विचारलं होतं की तो कुठल्या वाटेने गेला असेल. सगळे म्हणत होते पश्चिमेला, सरळ. मी होकायंत्राचा माणूस, माझा शब्द वजनदार. कांडीबद्दल बोलायची हिंमत नव्हती, म्हणून कारण न देता एवढंच सांगितलं की दक्षिणेला बघा. माझ्या मते मी माझी चूक सुधारत होतो. नऊ दिवस सगळ्या बोटी दक्षिणेला फिरल्या. पश्चिमेला एकही गेली नाही.

दादा होकायंत्राच्या भरवशावर चालत असेल असं मी धरून चाललो, कारण मी तसा चाललो असतो. तो आकाश वाचायचा हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि नेमकं तेव्हा ते माझ्या मनातही आलं नाही.

त्या रेघा दिवसांच्या आहेत. बंदराबाहेर गेला की दर सकाळी तो एक रेघ ओढायचा. ते डबे पावसाच्या पाण्यासाठी. म्हणजे जायचा पहिला दिवस सोडला तर सोळा दिवस तो तिथे, न हलणाऱ्या पाण्यात, एका ठिकाणी होता. सरळ गेलेली कुठलीही बोट त्याला दुसऱ्या दिवशी गाठू शकली असती. कांडीने त्याला मारलं नाही, माझ्या शब्दाने मारलं.

डबे आणि रेघा सोडून आणखी काही दिसलं असेल आणि माझ्यासाठी लपवलं असशील, तर लपवू नकोस. आता दुकानात बसवत नाही. सगळ्या सुया एकाच दिशेला बघत असतात.

काका

दि. ७ एप्रिल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

रेघांचा अर्थ मला खरंच माहीत नव्हता. तुमच्या पत्राने कळला. त्या दिवशी मी कामावर गेले नाही.

शोध तुमच्या सांगण्यावरून दक्षिणेला गेला हे मात्र मला आधीपासून माहीत होतं. कॉलेजात असताना बंदराच्या कचेरीत जाऊन मी त्या शोधाची नोंदवही वाचली होती. त्या वर्षी मी सुट्टीत घरी आले नाही, तुम्हाला वाटलं परीक्षा आहे. आईला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही तसं का सांगितलंत हे तिला कळलं नव्हतं, पण कधी विचारलंही नाही, आणि रोज दुपारी मला तुमच्याकडेच जेवायला पाठवत राहिली. ती गेली तेव्हा मी तुमच्याच हाताला धरून उभी होते. माफ केलं असं लिहायला घेतलं होतं, पण हात चालला नाही. मला राग आहे. तुम्ही माझे वडील आहात हेही तेवढंच खरं आहे. दोन्ही घेऊन मी घरी येणार आहे.

तुम्ही खरं विचारलंत म्हणून लिहिते. एक गोष्ट मी गाळली होती. बोटीचं तोंड बाकीच्या होड्यांसारखंच पश्चिमेला आहे. पण कंदील मागच्या बाजूला बांधलाय, उंच काठीला, आणि त्याच्यामागे पत्र्याचा तुकडा वाकवून लावलाय, उजेड एकाच दिशेला जावा म्हणून. पूर्वेला, आपल्या बंदराकडे. कंदिलाजवळ बसायला एक पालथी पेटी ठेवून दोरीने बांधलीय. तिच्यावर बसलं की पूर्वेशिवाय दुसरं काही दिसत नाही. कोणीतरी त्या बाजूने येईल अशी बाबांची खात्री होती.

बोट आम्ही तिथेच ठेवतोय. काल केबल वर घेताना त्याच रेघेवर, आणखी पुढे, पाचवी दिसली. बाईंनी या वर्षी तिच्याकडे जायचं नाही असं ठरवलं.

सोळा तारखेला सकाळी आमचं जहाज धक्क्याला लागतंय. तुम्ही घ्यायला या. उशीर करू नका.

तुमची,
टिटवी