एकाच खड्यातले दोघं

ता. ३, मंगळवार

चि. भुंगीस ताईचे आशीर्वाद.

आशीर्वाद दिले, आता राग ऐक. फोनवर रडायचं आणि मी विचारलं की ठेवून द्यायचा, ही काय रीत झाली? फोन ठेवता येतो, पत्र वाचावंच लागतं, म्हणून लिहिते.

तुझा मोठा साहेब म्हणतो, तू प्रयोगशाळेत बनवलेल्या खड्यात लोखंडाचा चुरा राहिला, तुझ्या हलगर्जीपणाने. तसं सगळ्यांपुढे लिहून दिलंस की नोकरी पक्की. आणि तू म्हणतेस, देऊन टाकते. अगं, तू आणि हलगर्जी? पेन्सिलीला टोक काढायला बसलीस की शाळेची घंटा होऊन जायची, तरी टोक तुझ्या मनासारखं होत नसे.

मला त्या खड्यातलं ओ की ठो कळत नाही. शिवणाच्या कारखान्यात बाह्या जोडणारी बाई मी. पण कापणाऱ्याने कापड वाकडं कापलं आणि बोल मला लावला, तेव्हा मुकादमाच्या टेबलावर बाही आपटून आले होते. चुरा होता की नव्हता, मला कळेल असं लिही. असेल तर मी गप्प बसते. तुझे भावोजी म्हणतात, मला मध्ये पडायची हौस. त्यांना झोपायला सांगितलंय.

लोभ आहेच, पण सध्या तापलेला.
ताई

ता. ८, रविवार

ती. ताईस सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग प्रयोगशाळेचं दार लावून रडले.

चुरा नव्हता. बेरियम, लोखंड आणि आर्सेनिक एकत्र वितळवून मी हे खडे बनवते. आर्सेनिक विषारी, म्हणून बंद पेटीत, रबरी हातमोज्यांतून सगळं करायचं. खडा थंड केला की त्यातलं लोखंड चुंबकी होतं. टाचणी मात्र ओढत नाही, कारण शेजारशेजारचे अणू एकमेकांच्या उलट तोंडं करून बसतात. थोडं कोबाल्ट मिसळलं की हे चुंबकपण ढिलं पडतं, आणि आणखी थंड केल्यावर वीज त्यातून जराही अडथळा न येता वाहते. साहेबांनी उभी हयात हेच लिहिलं, की चुंबकपण आणि ही मोकळी वीज, या दोघांचं पटत नाही. दोन्ही एकत्र दिसली तर खड्याचे भाग वेगळे आहेत, नाहीतर भेसळ आहे.

माझ्या खड्यात दोन्ही आहेत. वीज मोकळी वाहू लागली, नेमकं तेव्हाच चुंबकपण थोडं उतरलं. गेलं नाही, उतरलं. चुरा असता तर त्याचं चुंबकपण तसंच राहिलं असतं, त्याला शेजारी काय चाललंय त्याचं काय? दोघांनाही तेच इलेक्ट्रॉन लागतात, एकाने घेतले की दुसऱ्याला कमी. म्हणून दोघं एकाच जागी आहेत, असं मला वाटतं.

साहेब वाईट नाहीत गं. मला त्यांनीच शिकवलं. त्यांना मनापासून भेसळच वाटते. तेवीस तारखेला सभा आहे, तिथेच लिहून द्यायचंय. मी थकलेय. सही करते आणि चार दिवस तुझ्याकडे येते. सहीनंतरही लोभ राहू दे.
तुझी भुंगी

ता. १२, गुरुवार

चि. भुंगीस आशीर्वाद, या वेळी हात आखडून.

इलेक्ट्रॉन काही मला दिसले नाहीत. पण मी आणि नणंदबाई दिसलो, एका ओट्यापाशी. लोकांना वाटतं आमचं पटत नाही, म्हणजे दोघींनी चुली वेगळ्या मांडल्या असणार. तिची कढई चढली की माझं पातेलं कोपऱ्यात सरकतं. सरकतं, घराबाहेर जात नाही. तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग यात भेसळ कुठे आली?" इतक्या वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं. भावोजी उठून बसले.

साहेब भला माणूस आहे, असू दे. त्याला भेसळ वाटते ना, मग त्याने स्वतःच्या सहीने लिहावं. तुझ्या तोंडून कशाला? तुलाच चूक वाटत असती तर मी तुला हाताला धरून माफी मागायला नेलं असतं. पण मला लिहितेस एक आणि सही करणार भलत्यावर, हे मला खपणार नाही. तो खडा दुसऱ्या कुणाकडे मोजायला दे, साहेबाला सांगून, चोरून नको. तुझंच चुकलं असं निघालं तर चुकलं म्हण, ताठ मानेने.

नोकरी गेली तर ये, हवी तितकी राहा. सही करून येणार असशील तरी ये, दार मी लावणार नाही. पण बोलणारही नाही, आणि मी न बोलता घरात वावरले की काय होतं ते भावोजींना विचार.

लोभ कुठे जात नाही, त्याच्या जिवावर उड्या मारू नकोस. वीस तारखेच्या आत मला उत्तर हवं: सही करणार नाहीस, आणि खडा कुणाकडे धाडलास. दोन ओळी पुरेत.
ताई