दोन नंबरचा फलाट

५ एप्रिल
ताकिनोसे स्टेशनात आज बिऱ्हाड मांडलं. तिकीटखिडकीमागच्या दोन खोल्या मला आणि लेकीला, चिझुरूला, पुष्कळ झाल्या. लढाईत गेलेल्या ह्यांचा फोटो कोनाड्यात ठेवला, भात वाढला, बुद्धाचं नाव घेतलं. जुने स्टेशनमास्तर उबुकाता आजोबांनी काम समजावलं. गाडीआधी बोट रोखून मोठ्याने म्हणायचं, एक नंबर मोकळा, तीन नंबर मोकळा. मगच गाडी आत येते. दोन नंबर कुठे, विचारलं. म्हणाले, लढाईत लोखंड कमी पडलं, रूळ उपटून नेले. गावची पोरं त्याच फलाटावरून गेली, एकही परतला नाही. त्या फलाटाचं नाव घ्यायचं नाही. "जिभेला सांगून ठेव हो बाई!"

९ एप्रिल
एक आणि तीनच्या मधली ती पट्टी ओसाड ठेवणं जिवावर आलं. मुळा पेरला. चिझुरू म्हणते, आई, तू देवळाच्या पायरीवरही भाजी लावशील! आज बोट रोखताना दोन नंबरही म्हटला. एका देवाला फूल वाहायचं आणि शेजारच्याला वगळायचं, मनाला पटेना. आतापासून रोज म्हणणार.

१३ एप्रिल
मुळ्याचे कोंब चिरडलेत. दोन सरळ रेघांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आगगाडीच्या चाकांत असतं तेवढंच अंतर. आजोबांना सांगितलं. म्हणाले, मोकळा म्हटलंस ना, मग ती गाडी येणारच. पोरीला जप.

१५ एप्रिल
आज दोन नंबर म्हटलाच नाही. चिझुरूला म्हटलं, गाडीने नको, शाळेत चालत जा. म्हणाली, कशाला? मधल्या फलाटावर गाडी लागते की. आतले दादा सरकून जागा देतात. सगळ्यांच्या छातीवर लढाईला जाताना बांधतात तसे नावाचे पट्टे. एकाच्या पट्ट्यावर आपलं आडनाव, टोपीखाली तोंड दिसत नाही, पण तो हात पुढे करतो. उद्या चढणार म्हणाली.
आमचे हे तर या गावचे नव्हते —

१६ एप्रिल, सकाळी
बोट उचललं नाही. बाहेर पाऊलच टाकलं नाही. दोन्ही दारांना कड्या. जप चालू —
रूळ नाहीत तिथून खडखडाट —
चिझुरू दप्तर घेऊन मागच्या दाराशी. म्हटलं, आज गाडी नाही गं, मी पुकारलंच नाही. ती हसली. म्हणाली, असं काय आई, आत्ताच तर फलाटावरून तुझाच आवाज आला.
मी पहाटेपासून इथेच —
कडी काढली तिनं — चिझुरू, थां