सोळा तास दहा मिनिटं

४ मार्च
चिरंजिवांचं शहर इथून बारा हजार आठशे किलोमीटर. थेट विमानाने सोळा तास दहा मिनिटं. बस डेपोत जन्मभर टाइमकीपर होतो, त्यामुळे आकडा दोनदा तपासला. मुलगा अजून 'या' म्हणालेला नाही. कारण उघड आहे. बाबांना इतका वेळ बसणं झेपेल का, ही काळजी. बोलून दाखवत नाही, आईवर गेलाय. तेव्हा आपणच दाखवून द्यायचं. उद्यापासून सराव.

५ मार्च, सकाळी ७
जेवणाच्या टेबलाची खुर्ची खिडकीपाशी ओढली. पुढ्यात कपाट, म्हणजे पाय पसरायला जागा विमानाइतकीच. कमरेला जुना पट्टा. आज सहा तास.

७.४०
उठलो. दूध उतू गेलं. तांत्रिक बिघाड, हिशेबात धरायचा नाही.

९ मार्च
अडीच तास. गुडघे कुरकुरतात. शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या. पट्टा बघून म्हणाल्या, भावजी, कंबर धरली का? सांगितलं, मुलाकडे जायची तयारी चाललीय. तिकीट कधीचं, म्हणाल्या. लोकांना नको तिथे घाई.

१५ मार्च, रविवार
चार तास! मुलाला मेसेज केला. अंगठा आला. संध्याकाळी फोनवर मुद्दाम विमानाचा विषय काढला, तर म्हणाला, बघू. 'बघू' म्हणजे होकारच. हीसुद्धा आधी 'बघू' म्हणायची आणि मग करायची.

२२ मार्च
सात तास. शेजारी दुसरी खुर्ची मांडली, विमानात बाजूला कोणीतरी असतंच. तिच्यावर हिची शाल टाकली. तरी फार एकटं वाटलं, खोटं कशाला लिहू. इंजिनाचा आवाज नाही म्हणून असेल. मोबाइलवर तोही मिळतो म्हणे.

२ एप्रिल
पहाटे पाचला उड्डाण. फोन फ्लाइट मोडवर, कानात इयरफोन, आत विमानाची घरघर. नियम म्हणजे नियम. दोनदा बाथरूमला गेलो, विमानातही जातात. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी उतरलो. वेळेवर! पाय सुजलेत, पण छाती फुगलीय. उद्या मुलाला सांगतो, आता बिनधास्त तिकीट काढ.

३ एप्रिल, सकाळी
फोन सुरू केला. त्याचे सात मिस्ड कॉल, सगळे काल दुपारचे. मग मेसेज: 'बाबा, ऑफिसच्या कामाला चाललोय. विमान बदलायला तुमच्या इथे पाच तास मिळाले. सरप्राइज द्यायचं होतं. किती वेळ बेल वाजवली. फोनही लागत नाही, शेजारी कुलूप. आता निघतो.'

चहा टाकला होता, तो आटून गेला. मग फोन केला.

काल कुठे होतात, त्याने विचारलं. दारापासून दहा पावलांवर पट्टा लावून बसलो होतो, हे काही तोंडातून निघेना. म्हणालो, मित्रांबरोबर सहलीला गेलो होतो.

"मग बरं झालं, बाबा," तो म्हणाला. "तुम्हाला माझ्याकडेच बोलवावं असं मनात होतं. तेच बोलायला आलो होतो. पण तुमचं मन तिथे छान रमलंय. उगाच कशाला उपटून न्यायचं?"

मी शेजारच्या खुर्चीवरची हिची शाल घडी करायला घेतली. त्याला वाटलं, रेंज गेली. बाबा, ऐकताय ना, म्हणाला.

मी म्हणालो, "हो रे. खरंच, वेळच मिळत नाही."