अठरावा प्रश्न

प्रिय लंब्या,

घरी सगळं ठीक आहे. बाबांनी तुझ्या खोलीतला पंखा अखेर स्वतःच दुरुस्त केला. आता तो फिरतो कमी आणि ओरडतो जास्त. आई येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तुझे मार्क ऐकवते. फोनवर तू ‘मस्त चाललंय’ म्हणालास की तिचा दिवस चांगला जातो. माझाही जायचा.

माझी नवी नोकरी तुला ठाऊकच आहे. विद्यार्थ्यांचं आत्मिक स्वास्थ्य कशानं घडतं, यावर आमच्या मॅडम संशोधन करतात. तुमच्या विद्यापीठातून सहाशे फॉर्म भरून आलेत, नाव एकावरही नाही. प्रार्थना करता का, मन कुणाजवळ मोकळं करता का, जगण्यात अर्थ वाटतो का. एक ते पाचपैकी एका आकड्यावर खूण करायची. मी ते कॉम्प्युटरवर चढवते. एखादं उत्तर रिकामं असलं, तर तिथे बाकीच्यांची सरासरी टाकायची, असा नियम आहे.

मंगळवारी एका फॉर्मवर अठरावा प्रश्न रिकामा होता: ‘माझ्या नसण्याने कुणाला तरी फरक पडेल.’ मी सरासरीचा चार टाकला आणि पान उलटलं. मागे, ‘आणखी काही’च्या चौकटीत लिहिलं होतं, ‘घरचे खूश आहेत. तेवढं पुरे.’ अक्षर ओळखीचं वाटलं. पहिलीत तुझा हात धरून ते मीच गिरवून घेतलं होतं.

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “फॉर्म कुणाचा, हे शोधायचं नसतं. तसा शब्द दिलाय आपण मुलांना.” त्यांचं बरोबरच आहे. तो शब्द मी मोडतेय. नोकरी गेली तर जाईल.

पहिल्या वर्षी तू शाखा बदलायची म्हणालास, तेव्हा ‘आईबाबांच्या तोंडाकडे बघ’ असं मीच तुला सुनावलं होतं. तू शहाण्यासारखा बघत राहिलास. तुझ्या तोंडाकडे मात्र आमच्यापैकी कुणी बघितलं नाही. मला माझी लाज वाटते रे.

फोनवर विचारलं तर तू ‘मस्त’ म्हणशील, आणि समोर बसून विचारायला गेले तर मीच रडेन. म्हणून लिहितेय. हे पत्र टपालानं येणार नाही. मी स्वतः ते तुझ्या हातात देऊन हॉस्टेलच्या पायऱ्यांवर बसणार आहे. फॉर्म तुझा नसेल, तर माझी खुशाल टर उडव. मग तो कुणाचा, ते तुझ्याच मजल्यापासून दोघं मिळून शोधू. तुझा असेल, तर मला काही समजावत बसू नकोस. नुसता खाली ये.

तुझीच,
ताई